अर्धा मिली औषध आणि मावशींची बादली: जनावरांच्या केमोथेरपीत हाताळणाऱ्यांनी घ्यायची काळजी

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाची व्हायल, म्हणजे छोटी काचेची बाटली, टेबलावरून घरंगळली आणि फुटली. आत उरलं होतं जेमतेम अर्धा मिली. पुढचा कुत्रा टेबलावर चढवलेला होता. मी मागे न बघताच म्हणाले, "मावशी, तेवढं पुसून घ्या." मावशींनी टॉवेलचा जुना तुकडा घेतला (सोलापुरात टॉवेलच्या तुकड्यांना तोटा नसतो), काचा हातानं वेचल्या, तुकडा बादलीत पिळला आणि त्याच पाण्यानं बाहेरची बसायची जागाही पुसून काढली. माझ्या हातात मोजे होते, त्यांच्या हातात काही नव्हतं. संध्याकाळी लक्षात आल्यावर मी त्यांना सगळं सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "एवढंसं पाणी तर होतं की ओ मॅडम."

चूक माझी होती. त्यांना ते पाणी आहे असं वाटलं, कारण ते पाणी नाही हे मी कधी सांगितलंच नव्हतं. केमोच्या औषधाचं नाव ज्याला माहीत नाही, त्याच्याच अंगाला ते सगळ्यात जास्त लागतं: फरशी पुसणाऱ्या मावशी, कुत्रा धरणारा पोरगा, घरी लघवी धुणारी मालकीण. म्हणून खालच्या पायऱ्या औषधाच्या वाटेनं लिहिल्या आहेत. औषध खोक्यातून निघतं तिथून ते जनावराच्या शेणा-मुतातून बाहेर पडतं तिथपर्यंत.

आधी हे कळू द्या

माझ्याकडे केमो म्हणजे बहुतेक वेळा टीव्हीटी. मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून जिवंत पेशींच्याच रूपानं एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी ही गाठ. मालक सांगतो, "खालून रक्त ठिबकतंय", आणि बघावं तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वाढलेलं असतं. आठवड्यातून एकदा शिरेतून व्हिन्क्रिस्टिन दिलं की चार ते सहा आठवड्यांत बहुतेक कुत्री बरी होतात. मात्रा साधारण किलोला ०.०२५ मिलिग्रॅम. म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला अर्धा मिलिग्रॅम, आणि औषध एका मिलीत एक मिलिग्रॅम असल्यामुळे अर्धा मिली. एवढ्याशा औषधाला एवढा सोपस्कार कशाला, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

त्यात भर म्हणजे व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळतं. अमेरिकेत १९६३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ही गोष्ट मी एका मालकांना कौतुकानं सांगितली, तर ते म्हणाले, "मग आयुर्वेदिकच की! आमच्या अंगणात भरपूर हाय." तेव्हापासून सदाफुलीचा विषय मी स्वतःहून काढत नाही.

पेशी दुभंगताना तिच्या आत जे सूक्ष्म धागे तयार होतात, ते व्हिन्क्रिस्टिन तयार होऊ देत नाही. गाठीच्या पेशी भराभर दुभंगतात म्हणून मरतात. पण रक्त तयार करणाऱ्या मज्जेच्या आणि गर्भाच्या पेशीही भराभरच दुभंगतात. कुत्र्याला त्या नुकसानीच्या बदल्यात आजारातून सुटका मिळते. आपल्याला बदल्यात काही मिळत नाही. शिवाय त्याला चार-सहा डोस आणि आपल्याला वर्षानुवर्षं दर आठवड्याला थोडं थोडं.

फिनलंडमधल्या संशोधकांनी १९७९ साली कर्करोग विभागातल्या नर्सेसची लघवी तपासली, तेव्हा तिच्यात जनुकांत बदल घडवणारे गुण सापडले. १९८५ मध्ये तिथल्याच नर्सेसच्या अभ्यासात या औषधांशी आलेला संपर्क आणि गर्भपात यांचा संबंध दिसला. त्या काळी औषध उघड्या टेबलावर, साध्या हातांनी काढायची पद्धत होती. आपल्याकडच्या किती प्राणी दवाखान्यांत आज ते वेगळं आहे, हे ज्यानं त्यानं स्वतःच्या टेबलाकडे बघून ठरवावं.

सगळी औषधं सारखी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सायक्लोफॉस्फमाइड आणि क्लोरॅम्ब्युसिल ही माणसात कर्करोग करतात म्हणून पहिल्या गटात टाकली आहेत, डॉक्सोरुबिसिन त्याखालच्या '२ अ' गटात. व्हिन्क्रिस्टिन तिसऱ्या गटात आहे, म्हणजे कर्करोग करतं की नाही हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही. त्याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा कुणी काढू नये. गर्भाला त्याचा धोका आहेच, आणि कातडीखाली गेलं तर मांस सडवतं.

केमोच्या खोलीत कोण येणार नाही

गरोदर, अंगावर पाजणारी आणि मूल होण्यासाठी प्रयत्न करणारी व्यक्ती यांपैकी कुणीही औषध काढणं, टोचणं, पिंजरा धुणं, केमोच्या कचऱ्याची पिवळी पिशवी बांधणं यातलं काही करणार नाही. प्रयत्न करणाऱ्यांत पुरुषही आले. आपल्याकडे तिसरा महिना लागेपर्यंत बाई कुणाला सांगत नाही, आणि गर्भाचे अवयव घडतात ते नेमके त्याच आठवड्यांत. म्हणून माझ्याकडे नियम असा आहे: "आज मला केमोला नको" एवढं म्हटलं की पुरे. कारण विचारायचं नाही, पगार कापायचा नाही, नंतर चेष्टा करायची नाही. आमची असिस्टंट एकदा सलग दोन महिने 'नको' म्हणत होती. आम्ही गप्प राहिलो. पेढे तिसऱ्या महिन्यात आले.

एकच दिवस ठरवा

सगळ्या टीव्हीटीच्या कुत्र्यांना एकाच दिवशी बोलवा. आमच्याकडे बुधवार. या एका बदलानं जितका धोका कमी झाला, तितका महागड्या वस्तूंनीही झाला नसेल. एक मिलिग्रॅमच्या व्हायलमधून एका कुत्र्याला अर्धा मिली दिला की उरलेला अर्धा पुढच्या आठवड्यासाठी फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होतो. मग तीच भोसकलेली व्हायल पुन्हा पुन्हा हाताळली जाते. दोन कुत्री एका दिवशी आली तर व्हायल तिथेच संपते. तयारी एकदा, साफसफाई एकदा, पिशवी एकदा. शिवाय मावशींना आणि पोराला पक्कं माहीत असतं की बुधवारी दुपारी दोन ते चार मागच्या खोलीचं दार लोटायचं नाही.

दारावर पाटी हवी, आणि ती कामाला येणाऱ्या सगळ्यांना वाचता आली पाहिजे. आमच्या गल्लीत मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड चालते, म्हणून पाटी तिन्ही भाषांत आहे आणि वर लाल हाताचं चित्र.

खोकं आलं की

व्हायलच्या बाहेरच्या काचेवरही कारखान्यातूनच औषधाचा अंश लागून येऊ शकतो. त्यामुळे खोकं उघडतानाच नायट्राईलचे मोजे घाला, व्हायल ओल्या पुसणीनं पुसा, पुसणी पिवळ्या पिशवीत. मग झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, २ ते ८ अंश सेल्सिअसला, उजेडापासून दूर. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. रेबीजच्या लशींशेजारी नको, आणि पाण्याच्या बाटल्या व डबे ज्या फ्रिजमध्ये असतात तिथे तर मुळीच नको. हे सांगावं लागू नये, पण मी ते स्वतः बघितलेलं आहे.

खोली, आणि सोलापूरचा उन्हाळा

नियमानं ही औषधं बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये काढायची असतात. तिथली हवा औषधावरून काम करणाऱ्याकडे न येता आत ओढली जाते आणि गाळून सोडली जाते. प्रयोगशाळेत असतं ते समोरून वारा फेकणारं आडवं लॅमिनार फ्लो अजिबात वापरू नका. ते औषध निर्जंतुक ठेवतं आणि त्याचे कण तुमच्या तोंडावर फेकतं.

लहान दवाखान्यात कॅबिनेट परवडत नाही, हे मलाही कळतं. मग काय करायचं? मी माझ्यासाठी रेघ ओढली आहे. कॅबिनेट नाही तोवर फक्त व्हिन्क्रिस्टिन, तेही क्लोज्ड सिस्टिमचा जोड लावून. या जोडाला सीएसटीडी म्हणतात. व्हायल आणि सिरिंज यांच्यामध्ये तो बसतो आणि वाफ किंवा थेंब बाहेर येऊ देत नाही. कॅबिनेटची जागा तो पूर्ण भरून काढत नाही, पण उघड्या सुईपेक्षा पुष्कळ बरा. डॉक्सोरुबिसिन लागणारा पेशंट मी सोय असलेल्या मोठ्या ठिकाणी पाठवते. सायक्लोफॉस्फमाइडची पावडर पाणी घालून विरघळवायचं काम तर साध्या टेबलावर कुणीच करू नये. पावडर उडते आणि कळतही नाही.

आता पंखा. सोलापूरचा मे महिना, पारा ४२-४३ अंशांवर, अंगावर प्लॅस्टिकचा गाऊन, आणि मी म्हणते पंखा बंद करा. कूलरही बंद, खिडकीही बंद. वरून वारा घालणारा पंखा थेंबाचे तुषार खोलीभर करतो आणि कूलर ते थेट वेटिंगमध्ये ढकलतो. यावर तोडगा एकच: खोली आधी गार करून घ्या, पंखा बंद करून औषध काढा, दहा मिनिटांत आटपा. उन्हाळ्यात बुधवारची वेळ मी सकाळी साडेसातची करते.

टेबलावर अंडरपॅड पसरा, ज्याची एक बाजू टिपणारी आणि दुसरी प्लॅस्टिकची असते तोच. मेडिकलमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी सहज मिळतो. टॉवेल नको. टॉवेल टिपतो खरा, पण तो धुवायला जातो, आणि धुणारीचे हात आपल्याला दिसत नाहीत.

आणि पाणी. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात डोळे धुवायला नळावर भरवसा ठेवता येत नाही. वीस लिटरचा तोटीचा जार फक्त त्यासाठी त्या खोलीत ठेवा. डोळ्यात थेंब गेला तर पंधरा मिनिटं सतत पाणी लागतं. भांडी धुवायला तो जार कुणी उचलणार नाही एवढं पाहा.

अंगावर काय

नायट्राईलच्या मोज्यांच्या दोन जोड्या, एकावर एक, पावडर नसलेल्या. आतली गाऊनच्या बाहीखाली, बाहेरची बाहीवर. खोक्यावर 'एएसटीएम डी ६९७८' असं लिहिलेलं असेल तर ते मोजे केमोच्या औषधांविरुद्ध तपासलेले आहेत. व्हायनिलचे पारदर्शक मोजे चालत नाहीत, औषध त्यांतून पार होतं. अर्ध्या तासानं बदला, फाटले तर त्याच क्षणी. उन्हाळ्यात घामानं मोजा हातात सरकतो आणि बोटाच्या टोकाला फाटतो, त्याकडे लक्ष असू द्या.

गाऊन प्लॅस्टिकचा थर दिलेला, पाठीवर बांधायचा, मनगटाला घट्ट. सुती एप्रन औषध शोषून घेतो आणि कातडीला चिकटवून ठेवतो. त्यापेक्षा एप्रन नसलेला बरा, कारण निदान आपण सावध राहतो. डोळ्यांवर गॉगल किंवा फेस शील्ड. तोंडाला एन ९५. ते कण आणि तुषार अडवतं, वाफ अडवत नाही. सर्जिकल मास्क तर तुषारही नीट अडवत नाही.

काढताना क्रम उलटा: आधी बाहेरचे मोजे, मग शील्ड, मग गाऊन आतली बाजू बाहेर करून, शेवटी आतले मोजे. मग साबण-पाण्यानं हात. सॅनिटायझर इथे कामाचा नाही. तो जंतू मारतो, औषध मोडत नाही, उलट हातभर पसरवतो.

औषध काढताना

मात्रा आधी कागदावर काढा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. वजन त्याच दिवशीचं. कोली जातीच्या कुत्र्यांत एमडीआर१ जनुकात दोष असू शकतो, त्यांना व्हिन्क्रिस्टिन जड जातं. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील तर तो बुधवार सोडा.

सिरिंज लुअर लॉकची, म्हणजे फिरवून घट्ट बसणारी. नुसती दाबून बसवायची सिरिंज दाब आला की सुटते, आणि सुटते ती नेमकी तोंडासमोर. सिरिंज पाऊणपेक्षा जास्त भरायची नाही.

जोड मिळाला नाही आणि सुईनंच काढायची वेळ आली तर हवेचं गणित सांभाळा. आपल्याला शाळेपासून शिकवलंय की जितकं औषध काढायचं तितकी हवा आधी व्हायलमध्ये ढकला. इथे ते करायचं नाही. हवा थोडी कमीच ढकला: अर्धा मिली काढायचं तर ०.२५ ते ०.३५ मिलीच्या आसपास. म्हणजे व्हायलच्या आत किंचित ओढ राहते आणि सुई बाहेर येताना फवारा उडत नाही. रबराच्या बुचाभोवती गॉजचा तुकडा धरा. बुडबुडा असेल तर सुई व्हायलमध्ये असतानाच तो आत परत सोडा. सुई वर धरून टिचकी मारायची आणि हवेत पिचकारी सोडायची, ही सिनेमातली सवय या खोलीत विसरायची. सलाईनच्या नळीतून द्यायचं असेल तर नळी आधी साध्या सलाईननं भरून घ्या, औषध नंतर.

सुईला टोपण परत लावायचं नाही.

टोचताना

माणसाचा पेशंट खुर्चीत शांत बसून असतो. आपला पेशंट झटका देतो, चाटतो, आणि घाबरला की टेबलावरच मुततो. प्राणी दवाखान्यातला धोका इथे वाढतो, म्हणून कुत्र्याला आधी बाहेर नेऊन लघवी करवून आणा. मग मुसकी. चिडका असेल तर गुंगीचं औषध द्या, त्यात कमीपणा नाही. धरणारा एक आणि टोचणारा एक, दोघांनाही सगळा पेहराव. मालकाला धरायला लावायचं नाही, कितीही "माझ्याशिवाय तो राहत न्हाई" म्हणाला तरी.

पुढच्या पायाच्या शिरेत नवा इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी), एकाच प्रयत्नात. शीर हुकली तर त्याच शिरेवर खालच्या बाजूला पुन्हा प्रयत्न नको, दुसरा पाय घ्या. पाच ते दहा मिली सलाईन आधी सोडा आणि हात फिरवून बघा, सूज येत नाही ना. मग औषध. मग पुन्हा दहा मिली सलाईन, म्हणजे नळीतला शेवटचा थेंबही आत जातो आणि काढताना बाहेर गळत नाही. काढताना गॉज दाबून धरा.

औषध शिरेबाहेर गेल्याची शंका आली तर इंट्राकॅथ ओढून काढायची घाई करू नका. थांबा, त्यातूनच जितकं परत ओढता येईल तितकं ओढा, मग काढा. व्हिन्क्रिस्टिनला गरम शेक, दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं, आणि हायल्युरोनिडेज (साठलेलं औषध पांगवणारं इंजेक्शन) मिळालं तर त्या भागात. डॉक्सोरुबिसिनला बरोबर उलटं: गार शेक. भिंतीवर हे दोन शब्द लिहून ठेवा, कारण त्या वेळी आठवत नाही. जखम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी कातडी काळी पडते.

स्वतःला सुई लागली तर साबण-पाण्यानं भरपूर धुवा, दाबून रक्त काढू नका, वहीत नोंद करा आणि डॉक्टरांना औषधाचं नाव सांगून दाखवा.

सांडलं तर

बादलीची गोष्ट वर सांगितलीच. आता आमच्याकडे एक झाकणाचा डबा आहे: दोन जोड मोजे, गाऊन, गॉगल, एन ९५, तीन-चार अंडरपॅड, पुठ्ठ्याची सुपली, डिटर्जंटची बाटली, हायपोक्लोराइटची (ब्लीचची) बाटली, दोन पिवळ्या पिशव्या. तो औषधाच्या खोलीत न ठेवता दाराबाहेर ठेवलेला आहे. सांडल्यावर आत जाऊन डबा शोधण्यात अर्थ नसतो.

माणसं आणि कुत्री बाहेर काढा. पेहराव चढवा. पॅड थेंबावर वरून ठेवा, घासू नका. पुसणं बाहेरून आत, म्हणजे डाग पसरत नाही. काच सुपलीनं, हातानं नाही. मग हायपोक्लोराइट लावून काही मिनिटं ठेवा. व्हिन्क्रिस्टिनसारखी बरीच औषधं त्यानं मोडतात. मग डिटर्जंट-पाण्यानं दोन-तीनदा पुसा आणि शेवटी साधं पाणी, नाहीतर स्टीलच्या टेबलाला गंज चढतो. बाथरूमचं ॲसिड त्यात मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. स्पिरिटनं पुसून काही होत नाही, फक्त वास बदलतो. सगळी पुसणं पिवळ्या पिशवीत. बादलीत काही पिळायचं नाही.

पिंजरा धुताना पाइपचा जोराचा फवारा नको, कोरडा झाडूही नको. लघवीवर पॅड ठेवा, उचला, मग ओल्या पुसणीनं.

पिवळी पिशवी

२०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू आहेत. खाटा नसल्या तरी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. मुदत संपलेली आणि उरलेली केमोची औषधं, त्यांच्या काचा-व्हायली, या कचऱ्याला वेगळी पिवळी पिशवी किंवा डबा, त्यावर 'सायटोटॉक्सिक' असं लिहिलेलं. तो कचरा उत्पादकाकडे परत जातो किंवा सामायिक प्रक्रिया केंद्रात १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाळला जातो. साध्या भट्टीत हे औषध पुरतं मोडत नाही. औषध लागलेल्या सुया पंक्चर न होणाऱ्या डब्यात, आणि त्या डब्यावरही तेच लिहायचं. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, म्हणून उचलणाऱ्या गाडीच्या वाराचा मेळ केमोच्या वाराशी घाला. आमचा बुधवार त्यामुळेच ठरला. उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतायचं नाही, पिशवी घंटागाडीत टाकायची नाही.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. माणसांच्या केमो विभागात हे काम रोज चालतं. जिथे परवानगी मिळेल अशा विभागातल्या सिस्टरांचे हात अर्धा तास नुसते बघितले तरी दहा पानं वाचल्याइतकं कळतं.

कुत्रं घरी गेल्यावर

व्हिन्क्रिस्टिन मुख्यतः पित्तातून शी-वाटे बाहेर पडतं, थोडं लघवीतून. मी मालकांना तीन दिवस सांगते. डॉक्सोरुबिसिन दिलेलं कुत्रं असेल तर त्याहून पुष्कळ जास्त, कारण ते लघवीत कितीतरी दिवस सापडतं. कागदावर लिहून देते, कारण तोंडी सांगितलेलं दारापर्यंतच राहतं. शी उचलताना हातात मोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी, ती संडासात टाका आणि भरपूर पाणी. लघवी मातीवर करवा, मुलं खेळतात त्या ओट्यावर नको. उलटी झाली तरी तेच. कुत्रं ज्या चादरीवर झोपतं ती वेगळी, दोनदा धुवा. आमच्या गावात कुत्रीही सोलापुरी चादरीवर झोपतात, आणि ती जड चादर हातानं पिळणारी बाई मोजे घालत नाही, म्हणून तीन दिवस जुनं पोतं द्या. तोंड चाटू देऊ नका. घरात गरोदर बाई किंवा रांगतं मूल असेल तर शी-लघवीचं काम दुसऱ्यानं करायचं.

गोळ्या असतील तर कापायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत, कॅप्सूल उघडायची नाही. मात्रा जुळत नसेल तर मला विचारा, मी दिवसाआड करून देते. मोजा घालून गोळी पेढ्याच्या तुकड्यात दाबा आणि गिळली का ते बघा. गोळ्यांची पट्टी स्वयंपाकघरात नको.

रस्त्यावरचं कुत्रं असेल तर इंजेक्शन देऊन लगेच सोडू नका, तीन दिवस ठेवून घ्या. ती जागा ज्या प्राणीमित्रानं दिली असेल त्यालाही हाच कागद.

खिलार बैल आणि गोवऱ्या

सांगोला-मंगळवेढ्याकडून कधी शिंगाच्या कर्करोगाचा बैल येतो. शिंग हलायला लागतं, एका बाजूला डोकं झुकतं, नाकातून रक्त येतं. मुख्य उपचार शस्त्रक्रिया, काही वेळा त्यानंतर व्हिन्क्रिस्टिन. इथे मात्रा कुत्र्याच्या कितीतरी पट, आणि बाहेर पडतं ते शेणातून. ते शेण कोण उचलतं? घरातली बाई, हातानं, पहाटे. त्याच्या गोवऱ्या थापते, अंगण सारवते.

म्हणून बैलवाल्यांना माझं पहिलं वाक्य शेणाचं असतं. आठवडाभर त्या बैलाचं शेण फावड्यानं उचला, विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा, गोवरी नाही, सारवण नाही, परसातल्या भाजीला खत नाही. बैल बाकीच्या जनावरांपासून वेगळा बांधा. दुभत्या जनावराला मी हे औषध देत नाही. हे सांगताना बैलवाल्याबरोबर घरातल्या बाईला समोर बसवा. तो मान हलवतो आणि घरी जाऊन सांगायचं विसरतो.

सराव

शेवटची पायरी खरं तर पहिल्या बुधवारच्या आधी करायची. प्रत्येक प्राणी दवाखान्यात दोन वस्तू असतात: डोळ्यातली जखम बघायच्या फ्लुओरेसिनच्या पट्ट्या आणि गजकर्ण बघायचा वूड्स लॅम्प. रिकाम्या निर्जंतुक व्हायलमध्ये सलाईन भरून त्यात पट्टी बुडवा. मग पूर्ण पेहराव करून, एरवी जसं करता तसंच, अर्धा मिली काढा, खेळण्यातल्या कुत्र्याला टोचा, आवरा, मोजे काढा. मग दिवे बंद करून लॅम्प लावा. जिथे हिरवं चमकेल तिथे तुमचं औषध गेलं असतं.

आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा पॅडवर चमकलं, ते अपेक्षित होतं. नंतर फ्रिजच्या मुठीवर, पेनवर, दाराच्या कडीवर. मावशी पहिल्यांदाच त्या खोलीत बघायला उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या मोबाईलच्या मागच्या बाजूला, जिथे मी बोलताना करंगळी ठेवते, तिथे वाटाण्याएवढा हिरवा ठिपका होता.